पडद्यावर केलेला प्रयोग हा प्रयोग म्हणायचा का?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. शाळा लांब, प्रयोगशाळा नावापुरती. सर रसायनशास्त्राचे प्रयोग मोबाइलवर करायला सांगतात. पडद्यावरच्या बाटल्या बोटाने सरकवून पोरांना खरंच काही कळतं का?
– एक पालक

उत्तर : कळतं. काही गोष्टी तर खऱ्या प्रयोगशाळेतल्यापेक्षा जास्त स्पष्ट कळतात. मात्र पडद्याकडून काय शिकायचं आणि काय नाही, हे माहीत हवं.

हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आणि ॲसेटिक आम्ल सौम्य, हे मुलं पाठ करतात. सारख्याच संहतीची ही दोन्ही द्रावणं चंचुपात्रात ठेवली, तर नुसत्या डोळ्यांना दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. कार्ल वीमन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञांनी 2002 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या आम्ल-आम्लारीच्या आभासी प्रयोगात द्रावणावर भिंग धरता येतं. तीव्र आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू फुटून आयन झालेले असतात, सौम्य आम्लाचे बहुतेक रेणू अखंडच असतात. दिव्याची तार बुडवली की एकीकडे दिवा झगझगीत पेटतो, दुसरीकडे मिणमिणतो. अशा वेळी व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आपल्याकडे सी-डॅक, मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांनी नववी ते बारावीसाठी ‘ओलॅब्स’ तयार केलं आहे. त्यात मराठीतही प्रयोग आहेत. आम्ल अंगावर उडण्याची धास्ती नाही, रसायन संपत नाही, प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो.

आता उणी बाजू. अनुमापनाचंच (टायट्रेशनचं) पाहा. डाव्या हाताने ब्युरेटची तोटी सांभाळायची आणि उजव्या हाताने शंकुपात्र हलवत राहायचं. आम्लात फिनॉल्फ्थॅलिन हे दर्शक घातलेलं असतं. वरून सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला की गुलाबी छटा उमटते आणि हलवताच नाहीशी होते. ती रेंगाळायला लागली की हात आखडता घ्यायचा. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हा सराव हाताला पडद्यावर मिळत नाही. दोन वाचनांत फरक का पडला, हा प्रश्नही मुलांना खऱ्या ब्युरेटपाशीच पडतो.

घरी एवढं करा. बटण दाबण्याआधी काय होईल, त्याचा अंदाज मुलीला वहीत लिहायला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या. अंदाज चुकला तर कारणही लिहायला सांगा. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर लिंबाचा रस आणि साबणाचं पाणी टाकून पाहा. लिंबाने रंग बदलत नाही, साबणाने तांबडा होतो. मात्र संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच यांना हातही लावू देऊ नका. ती एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

थोडक्यात, रेणूंच्या पातळीवर काय घडतं ते समजायला पडदा उत्तम, पण हाताच्या कौशल्यासाठी प्रयोगशाळाच हवी. म्हणून मोबाइलवरचे प्रयोग मुलीला जरूर करू द्या आणि पुढच्या पालकसभेत शाळेकडे ब्युरेट, शंकुपात्रं आणि प्रयोगाच्या तासिका मागा. हा तिचा हक्क आहे.