ज्याचे वाक्य, त्याचे नाव



समजा, तुमची मुलगी एम. ए. च्या प्रबंधासाठी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतील कंत्राटी कामगारांचा अभ्यास करीत आहे. तिने चार पुस्तकांतून मजकूर उतरविला, काही मुलाखती जोडल्या. पण कोणाचे काय, हे कोठेच लिहिले नाही. परीक्षकाने "हे कशावरून?" असे विचारले, तर ती काय सांगणार? कामगारांचे खरे दुःखही मग खोटे ठरेल.

न दिलेले घेणार नाही, हे शील आपण घेतले आहे. दुसऱ्याने कष्टाने मांडलेला विचार आपल्या नावावर खपविणे, हेही न दिलेले घेणेच होय.

याचा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय अवघे २५. प्रारंभी त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या नावानिशी मांडल्या. प्रत्येकीतील उणीव दाखविली, पण ज्याचे श्रेय त्याला दिले. त्यानंतरच, जातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मूळ लक्षण आहे, हे स्वतःचे मत सांगितले. त्यामुळे दुसऱ्याचे कोठे संपते आणि बाबासाहेबांचे कोठे सुरू होते, हे वाचकाला स्वच्छ दिसते. १९१७ साली हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या पहिल्या खंडात तो तुम्हांला वाचता येईल.

तेव्हा मुलांना एवढे शिकवा :

१. शब्द जसेच्या तसे घेतले, तर ते अवतरणचिन्हांत घालून लेखक, वर्ष व पान लिहावे. आशय आपल्या शब्दांत सांगितला, तरी लेखक व वर्ष द्यावे.

२. शेवटच्या सूचीत लेखक, वर्ष, पुस्तकाचे नाव, प्रकाशक व गाव एकाच पद्धतीने द्यावे.

३. केतकर केवळ बाबासाहेबांच्या निबंधातून वाचले असतील, तर तसेच सांगावे. न पाहिलेले पुस्तक सूचीत घालणे ही लबाडी आहे.

४. मुलाखतीचा दिनांक, ठिकाण व कामगाराच्या कामाचे स्वरूप लिहावे. नाव मात्र त्याच्या संमतीशिवाय छापू नये, 'कामगार क्र. ४' एवढे पुरे. कंत्राटी माणसाची रोजी एका वाक्याने जाऊ शकते.

५. फलकावरचे वचन हा पुरावा नव्हे. २१ व २२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेतील शाहू महाराजांचे शब्द घ्यायचे असतील, तर भाषणाची छापील प्रत पाहावी आणि ती कोणती, हे सांगावे.

मातापित्यांनो, तुमचे शिक्षण कमी असले तरी संकोच नको. आज रात्री मुलाची वही उघडा, एका वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, "हे तुला कोठे मिळाले?" त्याला पुस्तक किंवा माणूस दाखविता आला, तर त्याचा अभ्यास योग्य वाटेवर आहे.