साताऱ्याचे हायस्कूल आणि नोंद क्रमांक १९१४

आमच्या शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जनरल रजिस्टरे ठेवलेली आहेत. त्यांचा खरा उपयोग शाळेत शिकणाऱ्यांपेक्षा शाळा सोडून गेलेल्यांना अधिक होतो, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. भोसरीच्या किंवा चाकणच्या कारखान्यात कायम होण्याची वेळ आली, मुलीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायचा झाला, पासपोर्ट हवा झाला, की माजी विद्यार्थी पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा शाळेच्या पायऱ्या चढतो आणि रजिस्टरातील आपल्या नावाची ओळ शोधू लागतो. त्या ओळीतील एखादी वेलांटी चुकलेली असेल, तर त्याचे महिनेच्या महिने हेलपाट्यांत जातात.

त्याच कार्यालयाच्या भिंतीवर आणखी एका शाळेच्या रजिस्टरातील एका पानाची छायाप्रत चौकटीत लावलेली आहे. ते पान साताऱ्याच्या हायस्कुलाचे आहे. दिनांक ७ नोव्हेंबर १९००, नोंद क्रमांक १९१४, इयत्ता इंग्रजी पहिली, आणि नाव भिवा रामजी आंबेडकर. आमचे विद्यार्थी रोज त्या चौकटीसमोरून जातात. ज्या शाळेचे ते पान आहे, तिचा इतिहास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. तो एकत्र मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

त्या शाळेची कथा राजवाड्यापासून सुरू होते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराजांना बसवले. १८२४ साली महाराजांनी शहरात जो वाडा बांधला, तो आज जुना राजवाडा म्हणून ओळखला जातो. विद्येची आवड असलेला आणि राज्यकारभारात स्वतः लक्ष घालणारा हा राजा इंग्रजांना फार काळ मानवला नाही. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तेथे झगडले, पण यश आले नाही. १८४७ मध्ये काशीतच महाराजांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, गादीस औरस वारस नाही असे कारण दाखवून, डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले.

राज्य गेले आणि तीनच वर्षांनी, १८५१ मध्ये, साताऱ्यात सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली. नव्या राजवटीला कारकून हवे होते, मामलेदार कचेरीत इंग्रजी वाचणारे हवे होते, ही गोष्ट उघड आहे. पुढे ही शाळा त्याच जुन्या राजवाड्यात भरू लागली. ज्या वाड्यात कधी काळी दरबार भरत असे, तेथे बाके आणि फळे आले. पुढील शंभर वर्षे सातारा सरकारी हायस्कूल हेच तिचे नाव होते. १९५१ मध्ये शताब्दी साजरी झाली, तेव्हा तिला छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव देण्यात आले. आज ती जिल्हा परिषदेची शाळा आहे.

सरकारी शाळा म्हणजे सर्वांसाठी खुली शाळा, असे आज आपण गृहीत धरतो. तेव्हा तसे नव्हते. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची सारी शाळा ओस पडेल, अशी सरकारची भीती होती. प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी कळवले, की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत. तत्त्व मान्य झाले खरे, परंतु तत्त्व मान्य होणे आणि मूल प्रत्यक्ष वर्गात बसणे यांत किती अंतर असते, हे पुढच्या आकड्यांवरून दिसते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी १८८१-८२ ची आकडेवारी दिली आहे. तिच्यानुसार मुंबई इलाख्यात माध्यमिकच्या खालच्या वर्गांत कनिष्ठ जातींचे सारे मिळून सतरा विद्यार्थी होते आणि हायस्कुलांत एकही नव्हता. धारवाडच्या त्या मुलाची हकीकतही बाबासाहेबांनी त्याच निवेदनात नमूद केली आहे. त्या मुलाला नकार मिळाला तेव्हा बाबासाहेबांच्या जन्माला पस्तीस वर्षे अवकाश होता. स्वतःच्या प्रवेशाचा अर्थ त्यांनी त्या नकाराच्या पार्श्वभूमीवर जोखला असणार, असे आम्हांस वाटते.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. सैन्यातील कुटुंबांना शिक्षणाची जी संधी मिळे, ती बाहेरच्या अस्पृश्य समाजाला नव्हती. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीहून साताऱ्यास आले. मातोश्री भीमाबाईंचे निधन साताऱ्यातच झाले आणि भिवाचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला. कॅम्पातल्या शाळेत मराठी इयत्ता झाल्यावर नऊ वर्षांच्या मुलाला रामजींनी हायस्कुलात घातले. त्या काळी मराठी इयत्ता वेगळ्या आणि इंग्रजी इयत्ता वेगळ्या असत. इंग्रजी पहिलीपासून चढत चढत सातवीला मॅट्रिक. म्हणजे १९१४ क्रमांकाच्या त्या ओळीने एक मुलगा मॅट्रिकच्या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर उभा राहिला.

रजिस्टरात मुलाची जागा झाली, पण वर्गात काय झाले? साताऱ्यातील शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे आत्मकथनपर टिपण १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रकाशित केले. त्यात शाळेचे नाव नाही. १९०१ च्या आधी आपल्याला काय माहीत होते, ते त्यांनी सांगितले आहे. गुणानुक्रमाने इतर मुलांत बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा असे आणि तो शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर इतर मुले शिक्षकांची परवानगी घेऊन नळावर जात. या मुलाला परवानगी पुरेशी नव्हती, शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की पाणी नाही. साताऱ्यात परीट होते, तरी घरचे कपडे बहिणी धूत. न्हावी होते, पण भावांचे केस थोरली बहीणच कापी.

हे सारे त्या मुलाला ठाऊक होते आणि अंगवळणी पडले होते. धक्का बसला तो १९०१ च्या सुट्टीत. दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात असलेल्या वडिलांना भेटायला ही मुले आगगाडीने निघाली, नवे कपडे घालून. मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांची जात कळताच गाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, या अटीवर गाडी मिळाली. जवळ शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. शाळेतील नळाची गोष्ट आणि या रात्रीची गोष्ट बाबासाहेबांनी एकाच ठिकाणी सांगितली आहे. आम्ही दरवर्षी नववीच्या वर्गात हा भाग वाचून दाखवतो, तेव्हा गोणपाटापेक्षा नळाच्या प्रसंगावर मुले अधिक गप्प होतात.

त्या शाळेतल्या सगळ्याच आठवणी कडू नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोकणातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे कुटुंबाचे मूळ गाव. त्या गावावरून आलेल्या आडनावाच्या जागी आंबेडकर हे नाव रूढ झाले, त्याचा संबंध चरित्रकार कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांशी जोडतात. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातील भाजीभाकरी या विद्यार्थ्याला देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेस निघाले, तेव्हा गुरुजींनी पत्र पाठवले आणि शिष्याने ते जपून ठेवले. एका चांगल्या शिक्षकामुळे सगळी व्यवस्था चांगली ठरत नाही. तरीही त्या भाकरीचे मोल कमी होत नाही. स्मरणिकांतून आणि भाषणांतून यांपैकी एकच बाजू रंगवण्याची आपल्याकडे सवय आहे. कोणी केवळ गोणपाट सांगतो, कोणी केवळ गुरुजींची भाकरी सांगतो. आम्हांस दोन्ही सांगावेसे वाटते.

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईस गेले आणि पुढचे शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. तेथेही संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. या काळातील एक प्रसंग आपल्या संस्थेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. समाजाने या मुलाचा सत्कार केला आणि अध्यक्ष कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. हा सत्कार मॅट्रिकनंतरचा, असे चरित्रकार लिहितात. बाबासाहेबांनी मात्र १९५६ च्या एप्रिलमध्ये ‘द बुद्धा अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याबद्दलचा म्हणून सांगितला आहे. इतर समाजांत एवढ्याशा यशाचा कोणी सोहळा केला नसता, पण या समाजातून तिथवर पोहोचणारा तो पहिलाच मुलगा होता, असे ते म्हणतात. मुलाच्या डोक्यात वारे शिरेल म्हणून रामजींचा सत्काराला विरोध होता. केळुस्करांनी त्यांची समजूत घातली, म्हणून ते पुस्तक त्या मुलाच्या हाती पडले. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला जे घडले, ते आपण सर्व जाणतो. त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या येथून हाकेच्या अंतरावरील देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. इथल्या वस्त्यांतील वृद्ध मंडळी त्या दिवसाबद्दल आजही सांगत असतात.

सातारा शहराला शिक्षणाच्या इतिहासात आणखी एक स्थान आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. इकडे बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरास वसतिगृह सुरू केले. ज्या गावात एका मुलाला नळ उघडता येत नव्हता, तिथेच चोवीस वर्षांनी सर्व जातींची मुले एकाच घागरीतून पाणी घेऊ लागली. निवासी शाळा म्हणजे गरिबांच्या मुलांची फुकट जेवणाची सोय, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास एकदा अवश्य वाचावा.

महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. एखाद्या महापुरुषाच्या जन्माचा किंवा महापरिनिर्वाणाचा दिवस पाळणे नेहमीचे आहे. शाळेत नाव घातल्याचा दिवस पाळला जातो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्या दिवशी आम्ही वक्ते बोलावत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला रजिस्टरातील स्वतःची ओळ दाखवतो.

ही प्रथा एका चुकीमुळे सुरू झाली. धर्मांतरानंतर अनेक कुटुंबांनी शाळेच्या नोंदीत धर्म बौद्ध लिहिला. केंद्र सरकारच्या दृष्टीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या कायद्याने मिळाला, आणि त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो. तो पुरावा बहुधा शाळेच्या रजिस्टरातच असतो. आमच्याही जुन्या रजिस्टरांत कोठे जातीचा रकाना कोरा राहिला आहे, कोठे बापाचे नाव अर्धे आहे. कोणी हेतुपुरस्सर केले असे नाही, घाईने झाले. पण ज्याचे प्रमाणपत्र अडले, त्याला कारण कळून काय उपयोग? हा दोष आमचा आहे आणि तो येथे लिहून ठेवणे योग्य वाटते.

म्हणून आता जूनमध्ये प्रवेश देताना शाई वाळण्यापूर्वी संपूर्ण ओळ पालकांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच सही घेतो. गेल्या जूनमध्ये चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामावर असलेली एक आई मुलीला घेऊन आली होती. जन्मस्थळाच्या रकान्यात लिपिकाने सरळ चाकण लिहिले. ओळ वाचून झाल्यावर बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, ‘सर, चाकण नको. तिथं आम्ही खोली घेऊन राहतो. ती जन्मली गावाला.’ मग त्यांनी परभणी जिल्ह्यातल्या आपल्या गावाचे नाव सांगितले, दोनदा सांगितले, आणि लिपिकाने ते लिहून होईपर्यंत त्या रजिस्टरावर वाकून पाहत राहिल्या.