रायफलची नळी बदलायची कधी?

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून .३१५ ची रायफल आहे. पीकसंरक्षणाचा परवाना आता माझ्या नावावर आहे. मध्यंतरी रेंजवर पाच गोळ्या झाडून पाहिल्या. पूर्वी शंभर यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत बसणाऱ्या गोळ्या आता ताटाएवढ्या घेरात पसरल्या. ‘नळी गेली, बदलून टाका’ असे गावातले जाणकार सांगतात. किती गोळ्या झाडल्या की नळी निकामी होते? आमची झाली असेल का?
– एक शेतकरी वाचक, धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा)

उत्तर : आधी आकडे सांगतो, कारण त्यांनीच तुमची निम्मी काळजी मिटेल.

काडतूस पेटते तेव्हा दारूच्या वायूचे तापमान पोलादाच्या वितळबिंदूच्याही वर जाते. हा झोत क्षणभरच टिकतो, पण प्रत्येक गोळीमागे नळीचा थोडा अंश खातो. सर्वांत जास्त झीज होते ती काडतूस बसते त्या घराच्या लगेच पुढे, जिथे नळीतल्या पीळदार खाचा सुरू होतात. विहिरीचे पाणी पाटात पडते तिथली माती सगळ्यांत आधी वाहून जाते, तसेच हे. या भागाला नळीचा गळा म्हणतात. गळा झिजला की गोळी खाचांत सरळ शिरत नाही आणि नेम विस्कटतो.

झीज किती लवकर होईल हे काडतुसातल्या दारूवर अवलंबून असते. खूप दारूच्या, अतिवेगवान मॅग्नम काडतुसांची नळी हजार-दीड हजार गोळ्यांत थकते. .३०८ सारख्या मध्यम काडतुसाची नळी साधारण पाच हजार गोळ्यांपर्यंत उत्तम नेम देते. .२२ मध्ये दारू चिमूटभर आणि गोळी मऊ शिशाची, त्यामुळे ती नळी हजारो गोळ्या सहज पचवते. २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे या कोल्हापूरकरांचे प्रकार ५० मीटर रायफलचे, म्हणजे .२२ चेच. अशा स्पर्धकांच्या भरपूर सरावात मात्र .२२ ची नळी झिजण्याचाही हिशेब ठेवावाच लागतो.

तुमची .३१५ मात्र सावकाश चालणाऱ्या जातीची आहे. इंग्रजी अमलात लष्करी .३०३ सामान्य नागरिकांना वर्ज्य होती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ऑस्ट्रियन ८ मिमी काडतुसावर बेतलेली ही रायफल रूढ झाली आणि पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होत राहिली. गोळी जड, वेग बेताचा, त्यामुळे गळा हळू जळतो. वर्षाला वीस गोळ्या झाडल्या असे धरले, तरी पाच हजारांचा पल्ला गाठायला अडीचशे वर्षे लागतील. म्हणजे गोळ्यांनी तुमची नळी संपलेली नाही.

मग नेम का सुटला? शेतकऱ्याच्या रायफलची नळी बहुतेक वेळा गंजाने जाते. जुन्या काळच्या बऱ्याच काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत क्षार उरतो, हवेतली ओल ओढतो आणि पावसाळ्याच्या चार दिवसांत पोलादाला खड्डे पाडतो. नुसते तेल फिरवून हा क्षार जात नाही. त्याला गरम पाणी लागते, मग नळी पूर्ण कोरडी करायची आणि त्यानंतर तेल. अशी रायफल कापडी किंवा चामड्याच्या खोळीत घालून वर्षभर ठेवली, तर खोळीतली ओल उरलेले काम पुरे करते.

दुसरे कारण साफसफाईतच दडलेले असते. गज पुढच्या तोंडातून घालण्याची सवय अनेक घरांत आहे. वर्षानुवर्षे गज घासून नळीच्या मुखाची कड एका बाजूला झिजते. गोळी बाहेर पडताना वायू तिला त्या बाजूने ढकलतो आणि नेम हमखास चुकतो. बोल्टच्या रायफलमध्ये बोल्ट काढून गज मागूनच घालावा.

म्हणून नळीवर ठपका ठेवण्याआधी क्रमाने तपासा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून लाकडी दस्त्याचे स्क्रू पाहा. जुने लाकूड आकसते आणि ते ढिले होतात. नेमाची माशी किंवा दुर्बीण हलते का ते बघा. नळीत साचलेला तांब्याचा थर योग्य द्रावणाने काढा. मग मान्यताप्राप्त रेंजवर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, नव्या पेटीतल्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे दोन गट झाडा. पुष्कळदा दोष जुन्या, ओल लागलेल्या काडतुसांचा निघतो.

एवढे करूनही पसारा तसाच राहिला, तर परवानाधारक दुरुस्तीकाराकडून नळी आतून तपासून घ्या. मुखाचीच कड बिघडली असेल तर ते नव्याने कातून भागते. नळी बदलावी लागते ती तीन अवस्थांत. एक, गळा किंवा खाचा खोल खड्ड्यांनी खाल्ल्या असतील. दोन, कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोके पडत असतील, म्हणजे खाचांची पकड सुटून गोळी आडवी जात असेल. तीन, नळीला कुठे फुगवटा किंवा चीर असेल. या तिसऱ्या अवस्थेत पुढची एकही गोळी झाडू नका. चिखल किंवा चिंधी अडकलेल्या नळीतून गोळी सुटली की असा फुगवटा येतो आणि पुढच्या वेळी नळी हातातच फुटू शकते.

कायद्याची बाजूही नीट पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. नळी बाजारातून सुटी आणून लेथवाल्याकडून बसवणे गुन्हा आहे, आणि परवान्याविना नळी आखूड करणेही. परवाना सोबत घेऊन अधिकृत दुरुस्तीकाराकडेच जा, कॅलिबर बदलू देऊ नका, आणि कामाची पावती जपून ठेवा.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पीक खाणाऱ्या रोह्यावर किंवा रानडुकरावरही वनखात्याच्या अधिकृत लेखी आदेशाशिवाय गोळी झाडता येत नाही. आदेश हाती असला, तरी ताटाएवढ्या पसाऱ्याची रायफल घेऊन रानात उतरणे चूक आहे. पोटात गोळी लागलेले डुक्कर उभ्या कपाशीत शिरते. दुसऱ्या दिवशी त्याच तासात निंदायला बाया येतात, आणि जखमी डुक्कर माणसावर चालून जाते. चुकलेली गोळी कुठे जाईल हेही सांगता येत नाही, कारण रायफलची गोळी मैलाच्या पलीकडे जाऊनही जीव घेऊ शकते. त्या जनावराच्या यातना तर वेगळ्याच.

तेव्हा नळी बदलण्याचा निर्णय गोळ्या मोजून किंवा वय मोजून करू नका. साफ केलेली, घट्ट आवळलेली रायफल चांगल्या काडतुसांनी शंभर यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत गोळ्या टाकते का, एवढे बघा. टाकत असेल, तर आजोबांची नळी नातवालाही पुरेल. टाकत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती कुलपातच ठेवा.