आधी मीटर, मग पाटी

आमची इमारत 'गोल्ड' आहे, असं सांगूनच आम्हाला विकली. ब्रोशरवर हिरवं पान होतं, सॅम्पल फ्लॅटच्या भिंतीवर फ्रेम केलेला कागद होता आणि त्या कागदावर बारीक अक्षरात 'प्री-सर्टिफाइड' हा शब्दही होता. म्हणजे खोटं कुणी बोललं नव्हतं. ग्रीन इमारतीच्या मानांकनाचं प्री-सर्टिफिकेशन नकाशावर मिळतं. अशी काच लावू, असे नळ बसवू, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देऊ, अशी ती हमी असते. बांधकाम झाल्यावर बिलं, फोटो, चाचण्यांचे अहवाल सादर करून अंतिम मानांकन घ्यावं लागतं. सोसायटी आमच्या ताब्यात आली तेव्हा किल्ल्या आल्या, फायली आल्या, लिफ्टचे करार आले, अंतिम सर्टिफिकेट तेवढं आलं नाही. विचारलं की उत्तर एकच, "प्रोसेसमध्ये आहे." आजही ते प्रोसेसमध्येच आहे.

मी सोसायटीची खजिनदार. विजेचं आणि टँकरचं बिल माझ्या हाताखालून जातं, त्यामुळे 'ग्रीन' इमारतीत टँकर एवढे का लागतात हा प्रश्न मला पडणारच होता. सांडपाणी शुद्धीकरणाच्या, म्हणजे एसटीपीच्या खोलीत उतरले तेव्हा अर्धं उत्तर नाकालाच कळलं. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद होता. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, लाइट बिल येतं म्हणून पहिल्यापासूनच दिवसातून थोडाच वेळ चालवायचा, असं सांगितलंय." सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू हवेवर जगतात. ती तोडली की ते मरतात आणि टाकीत काळं पाणी साचतं. मग तेच पाणी फ्लशला दिलं तर रहिवासी बोंब मारणार. म्हणून फ्लशच्या टाकीला बोअरच्या लाइनवरून एक बायपास दिलेला होता. त्याच्या व्हॉल्व्हवर रंगाचा थर जसाच्या तसा होता. म्हणजे रंगकाम झाल्यापासून तो उघडाच होता, कुणी फिरवलाच नव्हता.

याचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशला जातं. २०० फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे दिवसाला ३६,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. बोअरचं एवढं पाणी फ्लशला गेलं की तेवढीच तूट टँकरने भरायची. म्हणजे 'गोल्ड' इमारत एवढं पाणी रोज विकत घेऊन गटारात सोडत होती.

नळांचंही तेच. पाणी वाचवणारे एरेटर बसवले होते खरे, पण 'पाण्याला जोर नाही' म्हणून घरोघरी काढून टाकलेले. प्लंबरकाकांच्या डब्यात मूठभर एरेटर खुळखुळताना मी पाहिलेत. सोलर हीटरचं पाणी खालच्या मजल्यांवर पोचेपर्यंत बादलीभर गार पाणी मोरीत जातं, कारण पाइपांना ना इन्सुलेशन ना परतीची लाइन. यातली एकही गोष्ट कागदावर दिसत नाही.

गेल्या वर्षी कमिटीपुढे प्रस्ताव आला. बिल्डरचं मानांकन लटकलंय, तर सोसायटीनेच वापरातल्या इमारतीचं घ्यावं. सल्लागाराने सुंदर सादरीकरण केलं, फ्लॅटचे भाव वाढतील असं सांगितलं. कोटेशनमध्ये नोंदणी फी, क्षेत्रफळावरची मानांकन फी, सल्लागाराचं मानधन आणि वर जीएसटी. प्रत्यक्ष दुरुस्तीचा, म्हणजे सगळ्यांत मोठा खर्च, त्यात कुठेच नव्हता. बी विंगमधले एक काका म्हणाले, "पाटी लागली की काम आपोआप होईल." मी उलट बोलले, आणि त्याच कारणासाठी हे लिहिते आहे.

मानांकनाला माझा विरोध नाही. पुण्यात हडपसरला सुझलॉनचं 'वन अर्थ' संकुल आहे, ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेलं. त्याला 'लीड' आणि 'गृह' या दोन मानांकन पद्धतींपैकी लीडचं प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे, दोन्ही मिळाले. तिथे बांधून घेणारी कंपनीच आत बसून बिल भरणार होती. खरी मेख इथे आहे. बांधणारा आणि बिल भरणारा वेगळे असले की सर्टिफिकेट दाखवण्यापुरतं उरतं. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: सर्टिफिकेट मिळालं नाही, तर कुणाच्या खिशाला चाट बसणार?

आपल्या राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत याचं एक उत्तर आहे. मुंबईत ती लागू नाही, पुण्यात आहे. गृहचे तीन तारे किंवा आयजीबीसी या मानांकन संस्थेचं सिल्व्हर मिळवणाऱ्याला मूळ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात बांधता येणाऱ्या क्षेत्रफळावर, ३ टक्के जादा, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. चार हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि १.१ मूळ एफएसआय धरला, तर ७ टक्के म्हणजे ३०८ चौरस मीटर, जवळजवळ ३,३०० चौरस फूट विकायला मिळतात. कबूल केलेलं मानांकन मिळवलं नाही तर दंडही आहे. अशा प्रकल्पात बिल्डरला अंतिम सर्टिफिकेटची गरज असते. नुसत्या ब्रोशरसाठी घेतलेल्या प्री-सर्टिफिकेशनला असा लगाम नसतो. तेव्हा बुकिंग करताना विचारा, जादा एफएसआय घेतलाय का? मानांकन करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून द्याल का? आणि ब्रोशर रद्दीत टाकू नका. जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली दाद मागता येते.

गुण कशाचे मिळालेत तेही पाहा. लीडमध्ये ११० पैकी ६० गुणांना गोल्ड मिळतं, आणि त्यात बसस्टॉप जवळ असल्याचे, सायकल स्टँडचे, रंगात घातक वाफा कमी असल्याचेही गुण असतात. हे चांगलंच आहे, पण पश्चिमेच्या काचेतून बेडरूममध्ये येणारं एप्रिलचं ऊन त्याने थांबत नाही. गुणांचा तक्ता मागा आणि वीज-पाण्याच्या रांगेवर आधी बोट ठेवा.

ऑफिस भाड्याने द्यायचं असेल, भाडेकरू परदेशी कंपनी असेल, तर सर्टिफिकेट जरूर घ्या. त्यांना ते वरच्यांना दाखवावं लागतं, आणि नसलं तर ते तुमच्या दारात येतच नाहीत. राहत्या सोसायटीचं गणित निराळं आहे. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक प्रकल्प असेल तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देत आली आहे. त्यासाठी तारा लागत नाही, प्रकल्प चालू लागतो. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या सोलरला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ४० किलोवॅटला ७ लाख २० हजार झाले. तिथेही कुणी पानाचं चित्र मागत नाही.

सभेत शेवटी ठराव झाला तो असा. एसटीपी दुरुस्त करायचा आणि ब्लोअर चोवीस तास चालवायचा. बोअर, टँकर आणि शुद्ध केलेलं पाणी यांना वेगवेगळे मीटर बसवायचे. बायपासचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचं, किल्ली सेक्रेटरींकडे. आकडे दरमहा नोटीस बोर्डवर लावायचे. वर्षभराचे आकडे हातात आले की मानांकनाचा विषय पुन्हा घ्यायचा. सल्लागाराला हे कळवलं, तेव्हा तोही म्हणाला की फाइलला हेच आकडे लागतात.

ब्लोअरमुळे विजेचं बिल वाढलं, हे खरं आहे. टँकरचं त्याहून जास्त उतरलं. तुमच्या कमिटीपुढे असं कोटेशन आलं तर सही करण्याआधी बारा महिन्यांची वीज आणि टँकरची बिलं टेबलावर मागवा, आणि त्याच दिवशी एसटीपीच्या खोलीत एकदा स्वतः उतरा.