पिशवी काढली तर अंडाशय कशाला धरून राहतं?

ताई, मागच्या महिन्यात पहूरच्या एका गटात बचतीचा हिशेब आटोपला आणि एक मावशी म्हणाल्या, "डॉक्टर म्हणता पिशवी काढू, अंडाशय ठेवू. मग ते खाली नाही पडायचं?" सगळ्या हसल्या, मीपण. पण उत्तर मला लगेच देता आलं नाही. वाचून आले, ते इथे लिहिते.

अंडाशय साधारण तीन सेंटिमीटर लांब, बदामाच्या आकाराचं. शेतात लेकरासाठी झोळी बांधतो ना, तसं ते दोन्हीकडून बांधलेलं असतं. आतला आखूड बंध पिशवीच्या कोपऱ्याला, बाहेरचा ओटीपोटाच्या भिंतीला. शिवाय एक पातळ पडदा धरून असतो. बाहेरचा बंध महत्त्वाचा, कारण अंडाशयाची मुख्य रक्तवाहिनी त्यातूनच येते.

पिशवी काढताना आतला बंध कापतात, बाहेरचा राहतो. म्हणून अंडाशय पडत नाही, कामही करतं. पण पिशवीकडून येणारं थोडं रक्त बंद होतं, त्यामुळे काही जणींना अंगातून वाफा निघणं वगैरे त्रास लवकर सुरू होतो. पाळी जायच्या आधीच दोन्ही अंडाशयं काढली तर हा त्रास एकदम येतो, हाडंही लवकर ठिसूळ होतात.

झोळीला पीळ पडतो, तसा या बंधांनाही पडतो. अंडाशयावर मोठी गाठ असली की जास्त. रक्त अडतं. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या, असं झालं तर ओवा-गरम पाण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. उशीर झाला तर अंडाशय वाचत नाही.

बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्याकडेही "पांढरं जातंय, पिशवी काढून टाक" असं सहज बोललं जातं. नुसतं पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी.

सही किंवा अंगठा देण्याआधी विचारा: काढायची का? गोळ्यांनी भागेल का? अंडाशयं ठेवणार की काढणार? नंतर डिस्चार्ज कार्डावर ते लिहून घ्या. त्या मावशींच्या जुन्या सोनोग्राफीचा कागद घरी पेटीतच होता. तो घेऊन त्या आता दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला जळगावला जाणार आहेत, सोबत गटातली एक जण.