नव्या संचातलं 'द जूडास किस' : मला उमगलेल्या सहा गोष्टी

डेव्हिड हेअर यांचं हे नाटक ऑस्कर वाइल्ड आणि लॉर्ड आल्फ्रेड डग्लस ऊर्फ बोझी यांच्या प्रेमाचं. वाइल्डचं घर, पैसा, अब्रू, सगळं या प्रेमापायी गेलं. २०१३ साली लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात मी नव्या संचातला प्रयोग पाहिला. हौशी रंगभूमीवर नाटकं बसवताना त्यातून शिकलेलं आजही कामी येतं.

१. प्रयोग रंगला नाही म्हणून संहितेला दोष देऊ नये.
१९९८ साली लिअम नीसन प्रमुख भूमिकेत असूनही समीक्षकांनी नाटकाचं फारसं कौतुक केलं नव्हतं. २०१२ मध्ये नील आर्मफील्ड यांनी हॅम्पस्टेड थिएटरात रुपर्ट एव्हरेटला घेऊन तेच नाटक बसवलं आणि ते उजळून निघालं. एव्हरेटला वाइल्डचा ध्यासच होता. पुढे २०१८ साली त्याने वाइल्डच्या अखेरच्या दिवसांवर 'द हॅपी प्रिन्स' हा चित्रपटही केला. नाटक पुन्हा काढायचं तर असा ध्यास घेतलेला नट आधी शोधावा.

२. शेवट ठाऊक असला तरी 'का?' हा प्रश्न उरतो.
वाइल्डचा गाजलेला खटला हेअर यांनी रंगमंचावर आणलाच नाही. पहिला अंक ५ एप्रिल १८९५ रोजी कॅडोगन हॉटेलात घडतो, दुसरा १८९७ मध्ये नेपल्सला. अटक होणार हे उघड आहे, 'फ्रान्सला निघून जा' म्हणून मित्र विनवतो आहे, तरी वाइल्ड जागचा हलत नाही. सगळा ताण या न हलण्यात आहे.

३. बोझीला खलनायक करू नये.
वाइल्डहून सोळा वर्षांनी लहान असलेला हा कवी बापाशी उभा दावा मांडून होता. त्या बापावर अब्रुनुकसानीची फिर्याद करायला त्यानेच वाइल्डला भरीला घातलं, आणि ती वाइल्डवरच उलटली. पण प्रेक्षकालाही त्याची भूल पडली पाहिजे, नाहीतर वाइल्ड नुसता मूर्ख ठरतो. बोझी झालेल्या फ्रेडी फॉक्सने ही भूल घातली.

४. पैशाचा हिशेब लपवू नये.
अटक झाली तेव्हा वाइल्डची दोन नाटकं लंडनमध्ये जोरात चालू होती. जाहिरातींवरून त्याचं नाव काढलं गेलं, टाइट स्ट्रीटवरच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला. तुरुंगातून सुटून तो पुन्हा बोझीकडे गेला, तेव्हा पत्नी कॉन्स्टन्सने वर्षाला १५० पौंडांची नेमणूक थांबवली. बोझीच्या आईनेही पैशाचा दोर आवळला, आणि दोघं वेगळे झाले. प्रेमाची कसोटी उधारीच्या दिवसांत लागते, हे दुसरा अंक फार स्पष्ट दाखवतो.

५. सगळं खापर प्रेमावर फोडू नये.
वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली ती पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या १८८५च्या कायद्याने. प्रेमात माणूस चुकतो, फसतो, कर्जबाजारी होतो. पण त्याला तुरुंगात प्रेम टाकत नाही. याच ब्रिटिश साम्राज्याने १८६०च्या दंडसंहितेतून आपल्याला कलम ३७७ दिलं, आणि सज्ञानांचे संमतीचे संबंध त्यातून सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. म्हणून हे नाटक आपल्यालाही परकं नाही.

६. निष्ठेची भूमिका दुय्यम नटाला देऊ नये.
पळून जा म्हणून विनवणारा तो मित्र म्हणजे रॉबी रॉस. १९०० साली वाइल्ड पॅरिसमध्ये वारला. त्याची देणी रॉसने फेडली, पुस्तकांचे हक्क सोडवून मुलांना मिळवून दिले. १९५० साली रॉसच्या अस्थी वाइल्डच्याच कबरीत ठेवल्या गेल्या. उद्या कोणी हे नाटक मराठीत बसवलं, तर माझी एकच विनंती आहे : बोझीइतक्याच ताकदीचा नट रॉससाठी निवडा.