‘दा विंची कोड’ वाचल्यावर पडणारे प्रश्न



डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. जगभर तिच्या सुमारे आठ कोटी प्रती खपल्या. अजित ठाकूर यांनी केलेला तिचा मराठी अनुवाद पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसने आणला. २००६ मध्ये चित्रपट आला. त्यानंतर बरीच वर्षे लोटली, तरी हे पुस्तक आपल्या घरांतून गेलेले नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात, लोकलच्या प्रवासात, मोबाइलच्या पडद्यावर ते नव्या पिढीला पुन्हा भेटते आणि मग धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा हात हळूच वर होतो : “येशूचे लग्न झाले होते, हे खरे का?”

या पुस्तकाविषयी आपल्या लोकांत एकमत कधीच नव्हते. कुणी म्हणतो, ही निव्वळ रहस्यकथा आहे. रात्रभर जागून वाचावी, सकाळी विसरावी. कुणाला ते पुस्तक घरात ठेवणेही पाप वाटते. तिसरेही काही जण आहेत, आणि मला त्यांचीच काळजी अधिक वाटते. ते काही बोलत नाहीत. पुस्तक वाचून त्यांच्या मनात शंकेचा काटा रुतलेला असतो. पण फादरांना विचारायचा धीर होत नाही आणि आई-वडिलांना विचारावे तर ओरडा मिळतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

२००६ मध्ये काय घडले ते तरुणांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २००५ मध्ये, जेनोव्हाचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल बर्तोने यांनी हे पुस्तक विकत घेऊ नका, वाचू नका, असे आवाहन केले होते. चित्रपट आला तेव्हा मुंबईत उपोषण झाले. मुंबईच्या एका माजी नगरसेवकाने, तोही कॅथलिक, लेखकाला पकडून आणणाऱ्यास ११ लाख रुपयांचे इनाम जाहीर केले. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींना चित्रपट दाखवला. अखेर ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र आणि ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी सूचना जोडून तो प्रदर्शित झाला. नागालँड, पंजाब, गोवा, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आदी राज्यांनी बंदी घातली. जून २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदीची मागणी फेटाळली आणि त्याच महिन्यात आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने त्या राज्यातील बंदीही उठवली.

इनामाची ती घोषणा आपल्याला शोभणारी नव्हती. शत्रूवर प्रीती करायला सांगणाऱ्या प्रभूचा मान राखण्यासाठी एका लेखकाच्या डोक्यावर पैसे लावायचे, हे कोणत्या शुभवर्तमानात बसते? बंदीनेही काही साधले नाही. ज्याला कधी पुस्तक हाती धरायची सवय नव्हती, त्यानेही कुतूहलापोटी ते मिळवून वाचले.

तरीही दुखावलेल्या लोकांना अडाणी म्हणून हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. “अहो, कादंबरीच तर आहे!” हे उत्तर अर्धेच आहे. या कादंबरीच्या सुरुवातीलाच ‘वस्तुस्थिती’ असे शीर्षक देऊन एक पान छापले आहे. ‘सियोनचा मठ’ नावाची गुप्त संघटना १०९९ पासून खरोखर अस्तित्वात आहे आणि पुस्तकातील कलाकृती, कागदपत्रे व गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, अशा आशयाचा दावा तेथे केला आहे. गोष्ट सांगणाऱ्याला गोष्ट रचण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण दारावर ‘सत्य’ अशी पाटी लावून आत गोष्ट विकली, तर गिऱ्हाइकाने तक्रार करणे रास्तच आहे.

आता ती पाटी तपासू. ‘सियोनचा मठ’ ही संस्था १०९९ ची नाही. प्येर प्लांतार नावाच्या गृहस्थाने काही मित्रांसह १९५६ मध्ये फ्रान्समधील आनमास या गावी तिची स्थापना केली. नावातला सियोन म्हणजे जेरुसलेमचा पवित्र डोंगरही नव्हे. आनमासच्या परिसरातील त्याच नावाच्या डोंगरावरून ते नाव आले. पुढे याच मंडळींनी जुने भासणारे बनावट कागद तयार केले आणि १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले. कादंबरीची सारी इमारत त्या कागदांवर उभी आहे. ‘ओपुस देई’चा खुनी मठवासी कथेत फिरतो, पण १९२८ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत मठवासी नसतातच, तिचे बहुसंख्य सभासद नोकरी-धंदा करणारे संसारी लोक आहेत. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ च्या सुमारास मिलान येथे रंगवलेल्या ‘शेवटच्या भोजना’त येशूच्या शेजारी मरिया मग्दालिया बसली आहे म्हणे. मग संत योहान कुठे गेला? मेजाभोवतीची माणसे मोजा : येशू आणि बारा. योहानाला दाढीमिशी नसलेला कोवळा तरुण म्हणून रंगवण्याची त्या काळी पद्धतच होती.

हे सारे सोपे आहे. इतके सोपे असूनही आपण का गोंधळलो?

आपल्या वडगावचेच उदाहरण घेऊ. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून पुण्यावर निघालेली इंग्रजांची फौज तळेगावपर्यंत आली, माघारी फिरली आणि येथे वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली. १६ जानेवारीला तिला तह करावा लागला. उद्या कुणी कादंबरी लिहिली की त्या रात्री महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी गुप्त सोयरीक केली आणि नाना फडणविसांनी ते कागद जाळले, तर आपण मजेने वाचू आणि हसून सोडून देऊ. झोप कुणाचीच उडणार नाही, कारण हा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण ख्रिस्तसभेच्या पहिल्या चारशे वर्षांविषयी आपल्याला काय ठाऊक असते? कालवारीचा डोंगर आणि पेन्टेकॉस्टचा दिवस. त्यानंतर एकदम संत फ्रान्सिस झेवियर! मधली पाने कोरी आहेत आणि त्या कोऱ्या पानांवर डॅन ब्राऊन यांनी लिहिले.

त्यातले सर्वात गंभीर विधान निकेयाच्या धर्मपरिषदेविषयीचे आहे. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने ती बोलावली, तिथे थोड्याशा मताधिक्याने येशूला देव ठरवण्यात आले आणि तोवर लोक त्याला केवळ मानव मानत होते, असे कादंबरीतील विद्वान पात्र सांगते. २०२५ मध्ये या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. रविवारच्या पवित्र मिस्सामध्ये आपण जो श्रद्धेचा अंगीकार म्हणतो त्याचा पाया तेथे घातला गेला, म्हणून हे नीट समजून घ्यावे.

वाद आरियस या आलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूच्या शिकवणुकीवरून पेटला होता. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, की पित्याने सर्वप्रथम निर्माण केलेला? ‘येशू साधा माणूस होता’ असे आरियससुद्धा म्हणत नव्हता. सुमारे ३०० बिशप जमले होते आणि शेवटी सही नाकारणारे दोनच निघाले. याला काठावरचे मतदान म्हणत नाहीत. त्यांतले कित्येक जण थोड्याच वर्षांपूर्वीच्या रोमन छळातून वाचलेले होते. ज्याला ते केवळ माणूस समजत होते, त्याच्यासाठी त्यांनी तुरुंग आणि यातना सोसल्या का? निकेया हे शहर बिथिनिया प्रांतात होते. परिषदेच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, इ. स. ११२ च्या सुमारास, त्याच प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले होते की, येथील ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. हा साक्षीदार आपला नव्हे. आपल्याला शिक्षा करणारा आहे.

शुभवर्तमाने निकेयात निवडली गेली, हेही खरे नाही. परिषदेच्या वीस नियमांत बायबलच्या पुस्तकांचा विषयच नाही. इ. स. १८० च्या सुमारास लिआँचे बिशप संत आयरेनियस चारच शुभवर्तमानांचा आग्रह धरताना दिसतात.

आता मरिया मग्दालिया. येथे मात्र आपण जरा थांबले पाहिजे, कारण अनेक स्त्रियांना हे पुस्तक भावले ते तिच्यामुळे. “तुम्ही तिला वेश्या ठरवले आणि बाजूला सारले,” असे कुणी म्हटले तर त्याला रागावून गप्प बसवता येणार नाही. त्यात तथ्य आहे.

शुभवर्तमानात तिला कुठेही वेश्या म्हटलेले नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती, एवढे संत लूक सांगतो. ती येशूबरोबर फिरत होती आणि आपल्या पैशाने त्याची व शिष्यांची सेवा करत होती. ती क्रुसाजवळ होती आणि रिकामी कबर पाहणाऱ्यांत ती होती. इ. स. ५९१ मध्ये पोप संत ग्रेगरी यांनी रोममध्ये केलेल्या एका प्रवचनात लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि मरिया मग्दालिया या तिघींना एकच मानले. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत हीच समजूत रुळली. चित्रकारांनी तिला केस मोकळे सोडून रडणारी दाखवले आणि पिढ्यान्पिढ्या आपण तिच्याकडे तसेच पाहिले. पूर्वेकडील ख्रिस्तसभेने या तिघींची अशी सरमिसळ कधी केली नाही. १९६९ च्या उपासना-पंचांगात आपल्याकडेही ती दूर झाली. ३ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार तिचा २२ जुलैचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणण्यात आला. ‘प्रेषितांची प्रेषित’ हा तिचा जुना मान तिला उघडपणे परत मिळाला. हे व्हायला फार उशीर झाला, असे मला वाटते.

पण चुकीची सरमिसळ वेगळी आणि विवाह लपवण्याचा कट वेगळा. जिला दडपायचे, तिला कुणी संत म्हणून वेदीवर बसवत नाही! विवाहाचा पुरावा म्हणून कादंबरीत ‘फिलिपचे शुभवर्तमान’ पुढे केले जाते. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेला हा ग्रंथ येशूनंतर दीर्घ काळाने रचलेला आहे. त्यात मरियेला ‘सोबतीण’ म्हटले आहे आणि अरामी भाषेत त्याचा अर्थ पत्नी, असे पात्र ठणकावून सांगते. हस्तलिखित मात्र अरामी नाही, कॉप्टिक आहे, आणि तो शब्द ग्रीकमधून घेतलेला आहे. चुंबनाच्या उल्लेखाशी तर पान फाटलेले आहे. तेथे कोणता शब्द होता हे वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे.

मला याहून बोलका वाटतो तो संत पौल. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो, प्रेषितांना पत्नीला बरोबर घेऊन फिरण्याचा हक्क आहे, असे मांडतो आणि दाखला म्हणून इतर प्रेषितांची, प्रभूच्या भावांची आणि पेत्राची नावे घेतो. स्वतः प्रभू विवाहित असता, तर पौलाने सर्वात आधी त्याचाच दाखला दिला नसता का? विवाह ही काही लपवण्याजोगी गोष्ट नाही. आपण तिला पवित्र संस्कार मानतो. येशू विवाहित होता असे आपण म्हणत नाही, ते विवाहाची लाज वाटते म्हणून नव्हे, तर तशी साक्ष कुणीच दिलेली नाही म्हणून.

तेव्हा घरात मुलाच्या हाती हे पुस्तक दिसले तर ते हिसकावून घेऊ नये. पूर्ण वाचू द्यावे आणि त्याच आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लूक ८:१-३ आणि योहान २०:१-१८ हे दोन उतारे त्याच्याचकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. लूकच्या त्या तीन वचनांत मरिया मग्दालियाखेरीज आणखी दोन स्त्रियांची नावे आहेत. त्यांपैकी एकीचा पती हेरोद राजाचा कारभारी होता. ती कोण, हे मुलांनी पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगावे.